एव्ही रिसीव्हर की वेगवेगळे डबे? गाणी जास्त, सिनेमे कमी

कानसेन

लोकहो, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी विचारूनच टाकतो. माझ्याकडे एक जुना ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) एव्ही रिसीव्हर (इनपुट निवडणं, सराउंड आवाज उलगडणं आणि अँप सगळं एकाच डब्यात) आहे, चालतो अगदी ठणठणीत, पण त्याच्यातून ४के जात नाही, त्यामुळे सगळं आधी टीव्हीला जोडायचं आणि मग टीव्हीतून ऑप्टिकल वायरने आवाज रिसीव्हरला आणायचा असा द्राविडी प्राणायाम चालू आहे. आता तो बदलायचा म्हणतोय. पुढचे दोन फ्लोअरस्टँडर, सेंटर, मागचे दोन आणि सबवूफर हे सगळं आहे तसंच राहणार, स्पीकर मला आवडतात, त्यांना हात लावायचा नाहीये.

वापर म्हणाल तर गाणीच जास्त. संध्याकाळी निवांत बसून स्ट्रीमरवरून ऐकतो, कधीमधी रेकॉर्ड लावतो. सिनेमे शनिवार-रविवारी, आणि ते घरातले सगळे बघतात, म्हणजे रिमोट फक्त माझ्याच हातात असतो असं नाही.

डोक्यात तीन पर्याय आहेत. एक, सरळ नवा चांगला रिसीव्हर घ्यायचा आणि विषय संपवायचा. दोन, मध्यम रिसीव्हर आणि पुढच्या दोन स्पीकरना वेगळा स्टिरिओ इंटिग्रेटेड अँप (व्हॉल्यूम आणि अँप एकाच डब्यात, पण दोनच चॅनल). तीन, वेगळा प्रोसेसर (अँप नसलेला रिसीव्हरच म्हणा) आणि वेगळा मल्टिचॅनल पॉवर अँप (नुसती ताकद).

ओळखीतला एक जण म्हणतो रिसीव्हरवर गाणी ऐकणं म्हणजे कानांवर अन्याय. दुसरा म्हणतो सगळे अँप सारखेच, उगाच खर्च करू नकोस. आणि मला सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे मी बघतोय तो इंटिग्रेटेड ५० वॅटचा आहे, रिसीव्हरवर लिहिलंय १०० वॅट गुणिले ७, आणि तरी सगळे म्हणतात ५० वाला जास्त ताकदीचा. हे कसं काय बुवा? खोली १४ बाय ११ फूट, १४ फुटांच्या बाजूने ऐकतो, स्पीकरपासून ९-१० फुटांवर बसतो.

ओहम्शांती

आधी वॅटचं बघू, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

१०० वॅट हा आकडा एकटा वाचायचाच नाही, त्याच्या शेजारची बारीक अक्षरं वाचायची. किती ओहमला, किती चॅनल चालू असताना, कुठल्या फ्रिक्वेन्सीला आणि किती डिस्टॉर्शनला. "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १ चॅनल, १० टक्के टीएचडी" असं लिहिलेलं असेल (टीएचडी म्हणजे एकूण डिस्टॉर्शन, आवाजात शिरलेली भेसळ) तर तो आकडा जवळजवळ जाहिरातच समजा, १० टक्के डिस्टॉर्शनला आवाज फाटलेला असतो. "८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल चालू, ०.०५ टक्के" असं असेल तर तो माणूस काहीतरी खरं बोलतोय. अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने अँपचे वॅट कसे मोजून छापायचे याचा नियम केला, पण तो स्टिरिओच्या जमान्यातला, पुढे पाच-सात चॅनलचे डबे आले तेव्हा सगळे चॅनल एकदम चालवून मोजायचे की नाही हे वर्षानुवर्षं मोघमच राहिलं, त्यामुळे कंपन्या दोन चॅनल चालवून मोजतात आणि खोक्यावर सात चॅनलची बढाई मारतात.

रिसीव्हरमध्ये पॉवर सप्लाय एकच असतो. एकाच टाकीवर सात नळ, दोन उघडले तर जोरात येणार, सातही उघडले की धार बारीक होणार. इंटिग्रेटेडमध्ये ती टाकी दोनच नळांसाठी असते. झालं.

आता खरी गंमत. ५० आणि १०० वॅटमध्ये फरक फक्त ३ डेसिबलचा आहे. दुप्पट वॅट म्हणजे ३ डेसिबल, आणि कानाला आवाज "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तुमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (१ वॅटला १ मीटरवर किती आवाज) ८७ डेसिबलच्या आसपास धरली तर ३ मीटरवर, दोन स्पीकर मिळून, प्रत्येकाला एक एक वॅट दिला तरी ८० डेसिबलच्या वर आवाज होतो, शेजारी बसलेल्याशी बोलायला ओरडावं लागेल इतका. म्हणजे रोजच्या ऐकण्यात तुम्ही एक-दोन वॅटमध्येच फिरत असता, बाकीचे वॅट तबल्याच्या थापेला, ड्रमला, सिनेमातल्या धडाडधूमला क्षणभर लागतात. त्यामुळे "जास्त ताकदीचा" हे खरं असलं तरी ती ताकद तुम्ही वापरणार आहात का ते आधी बघा. स्पीकरचा ओहमचा आकडा आणि सेन्सिटिव्हिटी मागच्या पट्टीवर असेल, ती इथे टाका.

जाता जाता, रिसीव्हरच्या मागे "पॉवर कन्झम्प्शन ५०० वॅट" असं लिहिलेलं असतं ते बघून "बघा, ५०० खाणारा ७०० कसा देईल" असा हिशोब नेटवर बऱ्याच ठिकाणी दिसेल.

जुनाडबा

तो हिशोब नका करू. मागचा आकडा कमाल वापराचा नसतो, ठरावीक चाचणीतला असतो, अँप पूर्ण ताकदीच्या आठव्या हिश्श्यावर चालवून मोजलेला. त्याच्यावरून कमाल वॅट काढता येत नाहीत. वजन बघा त्यापेक्षा, आतला ट्रान्सफॉर्मर किती मोठा ते वजनात कळतं. अर्थात क्लास डी (स्विचिंगवर चालणारा, कमी तापणारा अँप) असेल तर तेही लागू नाही, ते डबे हलके असूनही दणकून पॉवर देतात.

आता माझं मत. मी वेगवेगळ्या डब्यांच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो, पण माझं कारण आवाजाचं कमी आणि वयाचं जास्त आहे. रिसीव्हरमधली कुठली गोष्ट म्हातारी होते ते बघा ना. एचडीएमआय १.४ आलं २००९ ला, २.० आलं २०१३ ला, २.१ आलं २०१७ ला. डॉल्बी अ‍ॅटमॉस घरच्या रिसीव्हरमध्ये आलं २०१४ ला, डीटीएस:एक्स त्यानंतर वर्षभराने. म्हणजे चार-पाच वर्षांनी काहीतरी नवीन येणारच आणि तुमचा डबा जुना होणारच. २०२० साली तर एचडीएमआय २.१ म्हणून विकलेल्या कित्येक रिसीव्हरमध्ये ती चिपच गडबडलेली निघाली, गेमिंग कन्सोलचा ४के १२० हर्ट्झचा सिग्नल आत गेला की पडदा काळा. आणि अशा वेळी बदलायचं काय, तर पूर्ण डबा, त्यातल्या सातही अँपसकट, ज्यांचा काही दोष नव्हता.

अँपला असलं काही होत नाही. एनएडी ३०२० हा १९७८ चा इंटिग्रेटेड, कागदावर फक्त २० वॅट, आजही लोक कपॅसिटर बदलून वापरतायत. तुमचाच रिसीव्हर बघा, अँप ठणठणीत आहे आणि तुम्ही तो टाकून देताय फक्त ४के जात नाही म्हणून. म्हणून मी म्हणेन दुसरा पर्याय, इंटिग्रेटेड असा घ्या ज्याला होम थिएटर बायपास आहे (म्हणजे तो नुसता पॉवर अँप म्हणूनही चालतो), रिसीव्हरच्या पुढच्या दोन चॅनलचे प्री-आउट (आतल्या अँपच्या आधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या जोडण्या) त्याच्यात घाला, रिसीव्हर दर काही वर्षांनी बदलत राहा, इंटिग्रेटेड आणि स्पीकर तसेच. गाणी ऐकताना रिसीव्हर चालू करायचीही गरज नाही.

तिसरा पर्याय तुमच्या खोलीला लागत नाही. वेगळे प्रोसेसर बऱ्याचदा त्याच कंपनीच्या वरच्या रिसीव्हरचाच बोर्ड घेऊन बनवलेले असतात, अँप काढून आणि एक्सएलआर (तीन पिनांच्या बॅलन्स्ड जोडण्या) लावून. अकरा-तेरा चॅनल चालवायचे असतील, मोठा हॉल असेल, तर वेगळी गोष्ट.

मोजूनमापून

जुनाडबा, वयाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण "गाणी ऐकताना रिसीव्हर चालू करायचीही गरज नाही" हे जे तुम्ही सहज बोलून गेलात ना, तिथेच खरी मेख आहे, त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

कानसेन यांच्याकडे सबवूफर आहे. स्ट्रीमर थेट इंटिग्रेटेडला लावला की बास मॅनेजमेंट गेलं. रिसीव्हर काय करतो, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबला पाठवतो आणि पुढच्या स्पीकरच्या डोक्यावरून तो भार काढतो. बहुतेक इंटिग्रेटेडमध्ये सब-आउट असलाच तरी पुढच्या स्पीकरला पूर्ण रेंज जातच राहते, सब फक्त वरून भर घालतो, मग दोघं मिळून खालचा आवाज फुगवतात. आणि दुसरं म्हणजे रूम करेक्शन (माईकने खोली मोजून आवाज दुरुस्त करणारी सोय) गेलं, ऑडिसी असो, डिरॅक असो की यामाहाचं वायपीएओ असो, ते रिसीव्हरच्या पोटात आहे, इंटिग्रेटेडला त्याचा पत्ताही नाही.

हे किती महत्त्वाचं ते तुमच्याच खोलीवरून सांगतो. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ४० हर्ट्झ येतं. ११ फुटांच्या बाजूला ५१ हर्ट्झ. या दोन फ्रिक्वेन्सी तुमच्या खोलीत घुमणार म्हणजे घुमणार, भिंतींनी ठरवलेलं आहे ते. आणि नुसत्या घुमणार नाहीत, काही जागी बसलात तर त्याच गायब होतील. भिंतीला पाठ टेकून बसलात तर बेस गिटार अंगावर येईल आणि खोलीच्या बरोबर मधोमध बसलात तर ती गेली कुठे म्हणून शोधाल. हा चढउतार १० डेसिबल आणि त्याहून जास्तही असू शकतो. दोन बऱ्या अँपमधला फरक ऐकू येण्याच्या पट्ट्यात फार तर डेसिबलचा बारीकसा अंश असतो. आता सांगा पैसे आणि डोकं कुठे घालवायचं.

आता "रिसीव्हरवर गाणी म्हणजे अन्याय" वाल्यांसाठी. तुलना करायचीच तर आवाज सारखा करून करा. माझ्या एका मित्राने नवीन पॉवर अँप आणला, आम्ही तिघं बसलो ऐकायला, आणि सगळ्यांना स्टेज रुंद झालंय, गायिका पुढे आलीये असं वाटायला लागलं. मग मी २०० हर्ट्झचा टोन लावला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरलं, रिसीव्हरवर २.०० व्होल्ट, पॉवर अँपवर २.१६. म्हणजे पाऊण डेसिबलच्या जरा आतबाहेर. एवढ्याशा फरकाला कान "मोठा आवाज" म्हणत नाही, "चांगला आवाज" म्हणतो. व्हॉल्यूम जुळवला, वायर कोण बदलतंय ते ऐकणाऱ्याला दिसणार नाही असं केलं, आणि मग तिघांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात, कुणी रिसीव्हरला पॉवर अँप म्हणतोय तर कुणी उलट. मित्राने अँप ठेवला हो, दिसायला देखणा आहे आणि त्याचे पैसे आहेत.

ओहम्शांती

मोजूनमापून +१, पण एक अपवाद धरा. सगळे स्पीकर गरीब गायी नसतात. खोक्यावर ८ ओहम नॉमिनल लिहिलेलं असतं आणि मधल्या बासमध्ये इम्पिडन्स (म्हणजे ओहमचा आकडा) ३ ओहमच्या आसपास उतरतो, तेही फेज अँगल (व्होल्टेज आणि करंट यांच्यातली तफावत) वाकडा असताना. तिथे करंट लागतो आणि स्वस्त रिसीव्हर तिथेच गरम होतो, प्रोटेक्शनमध्ये जातो. तुमच्या चाचणीतले स्पीकर सोपे असतील तर फरक कळणार नाहीच.

तारांचं_जंजाळ

वरचं सगळं तांत्रिक झालं, मी जरा घरातलं बोलतो कारण माझ्याकडे दुसरा पर्यायच चालू आहे, रिसीव्हर अधिक इंटिग्रेटेड.

होम थिएटर बायपास म्हणजे काय तर त्या इनपुटला इंटिग्रेटेडचा व्हॉल्यूम बाद होतो आणि तो नुसता पॉवर अँप बनतो, व्हॉल्यूम रिसीव्हर सांभाळतो. ज्या इंटिग्रेटेडला हे नसतं तिथे लोक सांगतात की नॉब बाराच्या काट्यावर ठेवा आणि तसंच कॅलिब्रेट करा. करू नका असं. घरात चार माणसं आहेत, कुणीतरी रात्री गाणी ऐकताना नॉब फिरवतंच, मग दुसऱ्या दिवशी सिनेमात पुढचे दोन स्पीकर दबलेले आणि सगळे म्हणणार "संवादच ऐकू येतात फक्त, बाकी काही नाही". उलटं झालं तर त्याहून वाईट, नॉब तसाच वर राहिला आणि कुणी इनपुट बदलून स्ट्रीमरवर आलं की घर हादरतं. बायपास असेल तरच या वाटेला जा.

दुसरं म्हणजे हम. एक डबा होता तोवर गप्प होतं सगळं, दुसरा जोडला आणि शांततेत एक बारीक घुंऽऽ सुरू झालं. ग्राउंड लूप. दोन्ही डब्यांना वेगवेगळं अर्थिंग आणि मध्ये आरसीए वायर, वर केबलवाल्याची कोअ‍ॅक्स टीव्हीला लावलेली. मी एकेक वायर काढत गेलो, ती कोअ‍ॅक्स काढली आणि आवाज बंद, मग तिथे आयसोलेटर लावला. काही लोक प्लगची अर्थची पिन काढून टाका असा सल्ला देतात, तो चुकूनही ऐकू नका, हम जाईल पण डब्यात कधी शॉर्ट झाला तर बॉडीला करंट येईल. वेगळ्या डब्यांवर एक्सएलआर असेल तर हा त्रास बराच कमी होतो, पण तो पुन्हा वरच्या दर्जाच्या डब्यांवरच मिळतो.

आणि रिमोट. एचडीएमआय-सीईसीने (एचडीएमआय वायरीतून एक डबा दुसऱ्याला चालू-बंद करतो ती सोय) टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप चालू होतो, इंटिग्रेटेड होत नाही, त्याला १२ व्होल्ट ट्रिगर (चालू हो असं सांगणारी वेगळी वायर) लागतो, रिसीव्हरला ट्रिगर-आउट आहे का ते आधी बघा. नाहीतर रोज कुणीतरी हाक मारणार, "आवाज का येत नाहीये?"

तरी मी परत हेच घेईन का? हो, घेईन, पण मी सब लावत नाही आणि रेकॉर्ड खूप ऐकतो म्हणून.

कानसेन

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. मागची पट्टी बघितली, ६ ओहम नॉमिनल, सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे आहे, आणि हो, ठरावीक गाण्यांना बास घुमतो, मला वाटायचं रिसीव्हर जुना झाला म्हणून.

दोन शंका राहिल्या. रेकॉर्ड प्लेयर नव्या रिसीव्हरला लावला तर आवाज डिजिटल होतो म्हणे, मग रेकॉर्डला अर्थ काय राहिला? आणि माझ्या रिसीव्हरमागे ४ ओहम / ८ ओहम असा स्विच आहे, ६ ओहमच्या स्पीकरला कुठे ठेवायचा, नव्याला असला तर?

जुनाडबा

डिजिटल होतो, बरोबर. रूम करेक्शन डिजिटलमध्येच चालतं त्यामुळे अ‍ॅनालॉग इनपुट आधी डिजिटल होणार, मग परत अ‍ॅनालॉग. डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट मोडला बऱ्याच रिसीव्हरमध्ये हे टळतं, पण मग करेक्शनही नाही आणि सबही बहुधा गप्प. तुमचा बास घुमतोय तर मी तुमच्या जागी असतो तर करेक्शन चालू ठेवून रेकॉर्ड ऐकली असती, आणि हे मी बोलतोय म्हणजे बघा. फोनो इनपुट आहे का ते मात्र तपासा, रेकॉर्डचा सिग्नल अगदी बारीक असतो, त्याला वाढवावंही लागतं आणि आरआयएए कर्व्हही (रेकॉर्ड कापताना बास कमी आणि वरचा आवाज जास्त केलेला असतो तो) उलटा लावावा लागतो, नसेल तर एक छोटा फोनो स्टेज मध्ये लागेल.

६ ओहम, ८८ डेसिबल, ९-१० फूट. ओहम्शांती काय म्हणतात ते बघा पण मला हे सोपे स्पीकर वाटतायत, इंटिग्रेटेडचा हट्ट मी धरणार नाही. फक्त एक करा, नवा रिसीव्हर प्री-आउट असलेलाच घ्या, निदान पुढच्या दोन-तीन चॅनलचे तरी. उद्या स्पीकर बदलले, मोठी खोली मिळाली, तर पॉवर अँप जोडता येईल, दार उघडं राहील. काही रिसीव्हरमध्ये प्री-आउट वापरताना आतले अँप बंदही करता येतात, तेवढंच कमी तापतं.

ओहम्शांती

सोपे आहेत असं मी आकड्यांवरून म्हणेन, पण इम्पिडन्सचा आलेख कुठे मिळाला तर एकदा बघाच. आणि स्विच ८ वरच ठेवा. ४ वर टाकलं की रिसीव्हर आतला व्होल्टेज खाली आणतो, म्हणजे तापमानाची परीक्षा पास व्हायला पॉवर कापतो, तुम्हाला कमी वॅट मिळतात आणि क्लिपिंग (ताकद संपून आवाज फाटणं) लवकर होतं. तापण्याची भीती असेल तर वर चार बोटं तरी जागा मोकळी सोडा, रिसीव्हरच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवणाऱ्यांना तर मी काय बोलू. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश सेल्सियसला साधारण निम्मं होतं, गरम कपाटात कोंडलेला डबा म्हणूनच लवकर मरतो.

रात्रपाळी

अवांतर: धागाकर्त्याकडे मागचे स्पीकर आहेत म्हणून त्यांना नाही, पण इथे वाचत असलेल्या नुसत्या स्टिरिओवाल्यांना सांगतो. सराउंड नकोच असेल तर आता मधला मार्ग आहे, डेनॉन डीआरए-९००एच, मरँट्झ स्टिरिओ ७०एस असले दोनच चॅनलचे रिसीव्हर एचडीएमआयसकट येतात, विम अँप तर छोटासाच, त्यात एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीने परत आणणं), सब-आउट, क्रॉसओव्हर आणि फोनच्या माईकवरून रूम करेक्शनही आहे. घरात डब्यांचा मनोरा नको असणाऱ्यांनी बघून ठेवा.

कानसेन

ठरलं मग, प्री-आउटवाला रिसीव्हर, स्विच ८ वर. सोफा अजून दीड-दोन फूट पुढे आणून बघतो आज. आणि तो "कानांवर अन्याय" वाला स्वतःचा इंटिग्रेटेड घेऊन रविवारी येतोय, माझ्या जुन्याच रिसीव्हरशी लावून बघू म्हणतोय. मोजूनमापून, ते मल्टिमीटरचं नीट सांगाल का, वायर कशा बदलायच्या वगैरे?

मोजूनमापून

दोन्ही अँपला स्ट्रीमरचाच सिग्नल द्या, रिसीव्हर डायरेक्ट मोडवर, सब बंद, टोन कंट्रोल दोन्हीकडे शून्यावर. स्पीकरच्या वायरना बनाना प्लग लावा म्हणजे पटकन बदलता येतील, आणि बदलताना अँप बंद करूनच बदला. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, टोन १०० ते ४०० हर्ट्झमधला कुठलाही, साधी मीटरं याच्या वर भरवशाची राहत नाहीत. आधी टोन बंद ठेवून प्रोब लावा, मग व्हॉल्यूम हळूहळू वर, कारण प्रोब सटकून लाल-काळं टर्मिनल एकमेकांना चिकटलं तर अँप उडतो. एका अँपवर २ व्होल्ट आले की तो आकडा लिहून ठेवा, दुसऱ्यावर एक टक्क्याच्या आत आणा, म्हणजे १.९८ ते २.०२. रिसीव्हरचा व्हॉल्यूम अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी चालतो, त्यामुळे तो आधी ठरवा आणि बारीक जुळवणी इंटिग्रेटेडच्या नॉबवर करा. आणि वायर बदलणारा माणूस तुम्ही दोघं सोडून तिसरा कुणीतरी पाहिजे, त्याने काहीच न बदलता नुसता खटपटीचा आवाज करायचा अधूनमधून, तेही सांगून ठेवा त्याला.